बुलेट काचेआड नको, घाटात हवी

ताडपत्री ओढली की आधी धूळ उडते, मग उंदरांनी कुरतडलेली सीट दिसते. टायर जमिनीवर बसलेले, टाकीच्या झाकणाला गंज, किक अर्ध्यावर अडकलेली. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा पुण्यातल्या सोसायटीच्या जिन्याखाली अशी गाडी हमखास सापडते. बहुतेक वेळा बुलेट, कधी येझदी. घरातल्या कुणीतरी तिच्यावरून गोवा केलेलं असतं, एखाद्याने थेट मनालीपर्यंत मजल मारलेली असते. म्हणूनच भंगारवाला दारात उभा राहिला तरी ती द्यायचं कुणाच्या जिवावर येतं. अलीकडे बरीच तरुण मंडळी ही ताडपत्री बाजूला करू लागली आहेत. रविवार धरून, घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी गाडी उभी करायची असं ठरवून.

ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र काम सुरू झालं की सल्ल्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘कंपनीतून निघाली तशीच कर, बोल्टसुद्धा वेगळा नको.’ दुसरा म्हणतो, ‘इंजिन तेवढं ठेव, बाकी सगळं कापून नवीन बांध.’ लांबच्या प्रवासाला जन्मलेल्या मोटारसायकलच्या बाबतीत दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्याने ती दिवाणखान्यातली वस्तू होते, दुसऱ्याने तिची ओळखच पुसली जाते.

बुलेटकडे बघितलं की हे नीट कळतं. १९४९ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिच इथल्या रॉयल एनफिल्डने मागच्या चाकाला स्विंग आर्म असलेली ३५० सीसीची बुलेट बाजारात आणली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि ही गाडी मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरमध्ये तयार होऊ लागली. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी, बिडाचा सिलिंडर. स्ट्रोक लांब असल्याने इंजिन कमी फेऱ्यांतही ओढतं. पन्नास-साठच्या वेगाने दिवसभर पळालं तरी दमत नाही. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, मद्रासचं उत्पादन मात्र थांबलं नाही. हे बिडाचं इंजिन थोड्याफार फरकाने २०१० च्या आसपासपर्यंत बनत राहिलं.

त्याचा फायदा आज होतो. सत्तरच्या दशकातल्या गाडीला लागणारे पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा, केबली पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला किंवा दिल्लीच्या करोल बागेत अजूनही मिळतात. येझदीवाल्यांची वाट जास्त खडतर. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला; तेव्हापासून उरलेला साठा, एकमेकांतली देवाणघेवाण आणि नकली माल यांवरच त्यांना भागवावं लागतं.

घरी काम करणाऱ्याची पहिली चूक रंगाची. टाकी चकचकीत होऊन येते, मडगार्डांना क्रोम चढतं, फोटो निघतात, आणि इंजिन उघडेपर्यंत पैसे संपलेले असतात. अर्धवट राहिलेल्या कितीतरी गाड्यांची हीच कथा. क्रम उलटा हवा: आधी इंजिन, मग ब्रेक आणि चाकं, मग वायरिंग, रंग अगदी शेवटी. उघडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढावा आणि प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वॉशर जागेच्या नावाची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावा. काम कंटाळवाणं आहे, पण तीन महिन्यांनी जुळणीला बसल्यावर त्याची किंमत कळते. जुन्या बुलेटचे बरेचसे आटे इंग्रजी मापाचे. हाताला लागला तो मेट्रिक बोल्ट जोर लावून फिरवला की ॲल्युमिनियमच्या क्रँककेसचे आटे गेलेच.

अडकलेल्या पिस्टनवर हातोडा चालवायचा नाही. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतायचं आणि आठवडाभर वाट पाहायची. वाट पाहणं हेच या छंदातलं मुख्य हत्यार. गंजलेल्या लोखंडी भागांसाठी तर महागडं रसायनही लागत नाही. एक भाग काकवी आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात ते बुडवून ठेवले की आठ-पंधरा दिवसांत गंज सुटतो आणि खालचं चांगलं लोखंड शाबूत राहतं. वास मात्र सहन करावा लागतो, आणि ॲल्युमिनियमचे भाग त्यात चुकूनही टाकायचे नाहीत. जुन्या ब्रेकशूंच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली भुकटी हवा मारून उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घेतलेली बरी. घरात लहान मुलं असतात, हे रविवारच्या उत्साहात विसरता कामा नये.

घरच्या घरी म्हणजे सगळं एकट्याने, असंही नाही. सिलिंडरला बोअर मारणं, ड्रम लेथवर घासून गोल करणं, क्रँक जुळवणं ही कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्यासारख्या लेथवाल्यांचीच. जुन्या मिस्त्रींशी या निमित्ताने बोलणं होतं, आणि पुस्तकात न सापडणारी विद्या तिथेच मिळते. बुलेटच्या हेडलाइटशेजारचा अँपिअरमीटर घ्या. आजच्या मुलाला तो शोभेचा वाटतो. पण पॉइंटवर चालणाऱ्या गाडीचं टायमिंग त्याच्यावर लावता येतं. चावी फिरवून इंजिन हाताने हळूहळू पुढे न्यायचं. पॉइंट मिटलेले असतील तर काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडताक्षणी शून्यावर परततो. त्या क्षणी पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित अलीकडे, मिलिमीटरहून कमी अंतरावर असला की जमलं. टॅपेटचंही तसंच: इंजिन गार असताना पुशरॉड बोटांनी गोल फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. एकदा हे हाताला कळलं की घाटात बंद पडलेली गाडी माणूस रस्त्याकडेला बसून चालू करतो. प्रवासाच्या गाडीला यापेक्षा मोठं विमाकवच नाही.

आता बदलांबद्दल. ‘मूळ तेच खरं’ म्हणणाऱ्यांनी पेट्रोलपंपाकडे एकदा बघावं. आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या आणि सीलं त्याने फुगतात, चिरतात. त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजनही असतो, म्हणून जुन्या जेटवर कार्बोरेटरचं मिश्रण विरळ होतं आणि इंजिन तापतं. म्हणजे १९७५ ची गाडी १९७५ सारखीच ठेवली तर आजच्या इंधनावर ती आजारी पडणार. नळ्या बदलणं, मेन जेट थोडा मोठा घालणं, टाकी आतून साफ करून अस्तर देणं भागच आहे. दिव्यांचंही तसंच. सहा व्होल्टच्या मिणमिणत्या उजेडात आजच्या महामार्गावर, ट्रकांच्या प्रखर झोतांसमोर रात्री गाडी चालवण्यात कसलीही निष्ठा नाही. बारा व्होल्टचं वायरिंग, रिले, इंडिकेटर आणि मागे ठळक लाल दिवा बसवणाऱ्याला दोष देणं चुकीचं आहे.

शिवाय प्रवासाच्या मोटारसायकलचा इतिहासच मालकांच्या हातांनी घडलेला आहे. १९७५ मध्ये होंडाने हजार सीसीची गोल्ड विंग अमेरिकेत उतरवली, तेव्हा तिला वारा अडवणारी काच नव्हती आणि सामानाच्या पेट्याही नव्हत्या. लोकांनी क्रेग व्हेटर यांच्या कंपनीचं विंडजॅमर फेअरिंग आणून घरच्या गॅरेजमध्ये बसवलं, बाजूला पेट्या लावल्या आणि हजारो मैल हिंडले. कारखान्यातूनच फेअरिंग आणि पेट्या लावून येणारी इंटरस्टेट होंडाने काढली ती १९८० मध्ये, मालकांनी वाट दाखवल्यावर. आज ज्याला आपण टूरिंग गाडीचं अस्सल रूप म्हणतो, ते आधी कुणाच्या तरी गॅरेजात ड्रिल मशीनने जन्मलं होतं.

एल्सपेथ बिअर्ड यांचं उदाहरण तर प्रत्येक घरगुती कारागिराने लक्षात ठेवावं. वास्तुशास्त्राची ही ब्रिटिश विद्यार्थिनी १९८२ मध्ये, आर ६०/६ जातीची १९७४ ची जुनी बीएमडब्ल्यू घेऊन एकटी जगप्रदक्षिणेला निघाली. वाटेत सिडनीत काही महिने नोकरी करताना तिने ॲल्युमिनियमचे पत्रे दुमडून, रिव्हेट मारून गाडीसाठी कुलूप लागणाऱ्या पेट्या स्वतः बनवल्या. तीच गाडी पुढे भारतातूनही गेली. त्या घरगुती पेट्या काढून तिथे कंपनीच्या पेट्या लावा असं कुणी आज सुचवलं, तर गाडी मूळ रूपात जाईल खरी, पण तिची सगळी गोष्ट निघून जाईल. आपल्याकडच्या बुलेटवर मामांनी वेल्डिंग करून घेतलेला कॅरिअर, आईसाठी लावलेला साडीगार्ड, पावसाळ्यासाठी वाढवलेला मडफ्लॅप या खुणांना हाच मान मिळायला हवा. त्या काढून टाकण्याआधी दहादा विचार करावा.

मग कापाकापी करणाऱ्यांचं काय चुकतं? बदल करतात हे नव्हे. ते परत फिरता येणार नाही असा बदल करतात. चेसिसचा मागचा भाग करवतीने उडवला की ती पुन्हा बुलेट होत नाही, आणि सामान लादण्याची जागाही जाते. नव्या पेट्यांसाठी कॅरिअर बांधायचा तर तो मूळ बोल्टांच्या जागी बसावा, चेसिसला भोक पडू नये. निघालेला प्रत्येक भाग, मग तो सहा व्होल्टचा डायनॅमो असो की जुना कार्बोरेटर, तेल लावून, कागदात गुंडाळून पेटीत ठेवावा. पुढच्या मालकाला, बहुधा आपल्याच मुलीला किंवा पुतण्याला, हवं तर मागे जाता आलं पाहिजे. उजव्या पायाचा गिअर मात्र बदलू नये. डाव्या ब्रेकची सवय व्हायला आठवडा लागतो, पण जुन्या बुलेटची चाल त्यातच आहे. टाकीवरच्या सोनेरी रेघांचंही तेच. त्या रॉयल एनफिल्डच्या चेन्नईच्या कारखान्यात ब्रशने हाताने ओढण्याची परंपरा आहे. स्टिकर चिकटवण्यापेक्षा गावातल्या नंबरप्लेट रंगवणाऱ्या पेंटरला बोलवावं; त्याचाही हात अजून तितकाच स्थिर असतो.

कायद्यानेही एक रेघ ओढली आहे आणि ती बरीचशी योग्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. रंग बदलला तर नोंदणीत तशी नोंद हवी. कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरची बाजू तर कुणीच घेऊ नये. बुलेटची जुनी धीमी धडधड मूळ सायलेन्सरमध्येच असते. रात्री दोन वाजता गल्ली उठवणारा फटाक्यांचा आवाज तिचा नव्हे.

अडचण आहे ती दुसऱ्या टोकाला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यात येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती किंवा इंधन भरण्यापुरतीच तिला मुभा. १९३० सालच्या राजेशाही मोटारीला हे शोभतं. बुलेट संस्थानिकाच्या तबेल्यातली नव्हती. ती फौजेची, पोलिसांची, दूधवाल्याची, शेतकऱ्याची होती. चालत राहणं हाच तिचा वारसा आहे, आणि तोच बंद करून तिला वारसा म्हणणं पटत नाही.

दुसरीकडे सामान्य नोंदणी चालू ठेवणाऱ्यावर खर्चाचा बोजा वाढतो आहे. १५ वर्षांवरच्या दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० रुपयांवरून १,००० रुपये झालं, आणि २० वर्षांवरच्या दुचाकींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० रुपयांवर गेलं. धूर ओकणाऱ्या बेवारस गाड्या रस्त्यावरून जाव्यात म्हणून हे समजू शकतं. पण वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालणारी, घरच्यांनी निगुतीने जपलेली गाडीही त्याच मापाने मोजली जाते. नूतनीकरणाच्या वेळी दर पाच वर्षांनी तपासणी होतेच. ती कागदावर न उरकता ब्रेक, दिवे, धूर आणि आवाज खरोखर तपासले जावेत. उत्तीर्ण होणाऱ्या जुन्या गाडीला शुल्कात सूट मिळावी. आणि बारा व्होल्ट, इंडिकेटर, आरसे, चांगले ब्रेक असे सुरक्षेचे बदल ‘मूळ स्वरूप बिघडलं’ म्हणून मोजू नयेत, असं नियमांत स्पष्ट लिहावं. राज्याच्या परिवहन विभागाने केंद्राकडे हा आग्रह धरायला हवा.

१९७६ साली नोंदवलेल्या बुलेटला २०२६ मध्ये ५० वर्षं पूर्ण होतात. तिच्या मालकाने वर्षभराचे रविवार खर्चून ती उभी केली, टायमिंग लावलं, टाकीतला गंज काढला, दिवे नवे घातले. आता विंटेज म्हणून नोंद करून घेतली तर गाडीला मान मिळेल, पण आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला जाण्याची मुभा जाईल. ज्या रस्त्यासाठी हे सगळं केलं, तो रस्ता सोडून द्यायचा की तो मान, हे त्याला अर्ज भरतानाच ठरवावं लागतं.