मंत्री आले, गर्दी झाली, तरी 'कू' का बुडालं? आता 'अरट्टाई'समोर तोच प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रातल्या मंत्र्यांनी स्वदेशी ॲप वापरण्याचं आवाहन केलं आणि झोहो या तमिळनाडूच्या कंपनीचं 'अरट्टाई' एकदम चर्चेत आलं. तमिळमध्ये अरट्टाई म्हणजे गप्पा. रोज ३ हजार लोक नाव नोंदवत होते, तो आकडा तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेला, असं झोहोचे संस्थापक श्रीधर वेम्बू यांनी सांगितलं. व्हॉट्सॲप सोडून सगळ्यांनी इकडे यावं, असे निरोप व्हॉट्सॲपवरूनच फिरू लागले!

अशीच लाट २०२१ मध्येही आली होती. त्या ॲपचं नाव 'कू'. पिवळ्या पाखराचं चिन्ह असलेलं हे ॲप जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. ते का बंद पडलं, हे समजून घेतलं तर पुढच्या लाटेत उडी मारायची की काठावर थांबायचं, हे ठरवता येईल.

शेतकरी आंदोलनातून मिळाली उभारी

अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका या दोघांनी २०२० मध्ये बंगळुरूत 'कू' सुरू केलं. काम ट्विटरसारखंच, पण भर भारतीय भाषांवर. कन्नड, हिंदी, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीतही लिहिता येत होतं. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही देशाच्या चर्चेत बोलता यावं, हा विचार चांगलाच होता. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत 'कू'ला बक्षीसही मिळालं.

पण खरी उभारी मिळाली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. तीन कृषी कायद्यांविरोधात शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले होते. आंदोलनाशी संबंधित हजाराहून जास्त खाती बंद करा, असं सरकारने ट्विटरला सांगितलं. ट्विटरने ते पूर्ण ऐकलं नाही. मग पीयूष गोयल यांच्यासह मंत्री 'कू'वर आले, सरकारी खाती आली, त्यांच्यामागे समर्थक आले. म्हणजे शेतकऱ्यांच्या आंदोलनावरून झालेल्या भांडणात हे ॲप मोठं झालं. त्यामुळे ते एका बाजूचं आहे, असा शिक्काही पहिल्याच दिवसांत बसला. दुसऱ्या बाजूची माणसं फारशी आलीच नाहीत. आणि दोन बाजू नसतील तर चर्चा कसली?

वाढता वाढता आलेल्या अडचणी

त्याच महिन्यात एका फ्रेंच सायबर तज्ज्ञाने वापरणाऱ्यांची खासगी माहिती बाहेर दिसत असल्याचं दाखवून दिलं. स्वदेशी म्हणवणाऱ्या कंपनीत चिनी गुंतवणूकदाराचा हिस्सा निघाला. तो मार्चमध्ये बाहेर पडला. मे २०२१ मध्ये टायगर ग्लोबल या अमेरिकी गुंतवणूकदाराच्या पुढाकाराने ३ कोटी डॉलर आले, म्हणजे दोनशे कोटी रुपयांहून जास्त.

मग परदेशाची ओढ लागली. जून २०२१ मध्ये नायजेरियाने ट्विटरवर बंदी घातली आणि तिथल्या सरकारने 'कू'वर खातं उघडलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती बंदी उठली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये ४८ तासांत १० लाखांवर डाऊनलोड झाले. त्यात मोठा वाटा गमतीचा होता, कारण 'कू' हा उच्चार तिथल्या भाषेत शिवीसारखा लागतो. हसायला आलेली गर्दी मुक्कामाला थांबत नाही.

कंपनीच्याच सांगण्यानुसार भरभराटीच्या काळात रोज २१ लाख आणि महिन्याला १ कोटी लोक 'कू' वापरत होते. डाऊनलोडचा आकडा ६ कोटींवर गेला होता. म्हणजे ॲप घेतलेल्यांपैकी बहुतेकजण ते नियमित वापरत नव्हते.

बाजार भरतो कसा?

एखाद्या गावात नवा आठवडी बाजार सुरू झाला, नारळ फोडायला मंत्री आले, तर पहिल्या दिवशी जत्रेसारखी गर्दी होते. तिसऱ्या आठवड्याला व्यापारी येतो का, हे खरं महत्त्वाचं. व्यापारी नसेल तर शेतकरी माल आणत नाही, आणि माल नसेल तर व्यापारी फिरकत नाही. सोशल मीडियाचं तसंच आहे. आपले पाहुणे, दूध डेअरीचा ग्रुप, कृषी सेवा केंद्रवाला जिथे आहे, तिथेच माणूस राहतो. ॲप चांगलं आहे एवढ्यावर कोणी घर बदलत नाही.

शिवाय बाजार भरेपर्यंत खर्च चालूच असतो. सर्व्हर, पगार, चुकीचा मजकूर काढणारी यंत्रणा यांना रोज पैसा लागतो, आणि 'कू'ची कमाई त्या मानाने तुटपुंजी होती. गुंतवणूकदारांनी हात आखडला, २०२३ मध्ये कर्मचारी कपात झाली, २०२४ मध्ये विक्रीची बोलणी फिसकटली आणि ३ जुलैला संस्थापकांनी निरोप घेतला. ज्यांनी तिथे मेहनतीने मराठीत लिहून हजारो फॉलोअर जमवले, त्यांचे फॉलोअरही ॲपबरोबर गेले. त्याची भरपाई कुठे मागणार?

'अरट्टाई'चं काय?

'अरट्टाई'ची एक बाजू भक्कम आहे. झोहो जुनी, कमावती कंपनी आहे, बाहेरच्या गुंतवणूकदारावर ती उभी नाही. वेम्बू स्वतः तेनकासी जिल्ह्यातल्या खेड्यात राहून काम करत आले आहेत. म्हणजे पैसा संपला म्हणून दुकान लगेच बंद होईल असं नाही. पण लाट आली तेव्हा कॉल सुरक्षित होते, मात्र मेसेजला व्हॉट्सॲपसारखं पूर्ण कुलूप नव्हतं. आणि आठवडी बाजाराचा नियम याही ॲपला लागू आहेच.

स्वदेशी ॲप वापरून पाहायला काहीच हरकत नाही. मात्र गावाचा सगळा व्यवहार एकाच ॲपच्या भरवशावर सोडू नये, मग ते देशी असो की परदेशी. बचत गटाचा हिशेब वहीत हवा, ग्राहकांचे नंबर डायरीत हवेत, जमिनीच्या कागदांचे फोटो दुसरीकडेही साठवलेले हवेत. ॲप आज आहे, उद्या नाही. 'कू'वर तर मंत्र्यांचीही खाती होती.