नदीची राखण : बारा महिन्यांचे काम

नदीकाठच्या गावी श्रमदानाचा दिवस ठरला म्हणजे उत्साहाला तोटा नसतो. शाळेची मुले प्रभातफेरी काढतात, तरुण मंडळी फावडी व घमेली घेऊन पात्रात उतरतात, वडीलधारी माणसे नारळ फोडून पहिली कुदळ मारतात, आणि दुपार होण्यापूर्वी घाटाजवळचा कचरा एका बाजूस रचला जातो. हा उत्साह स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु त्याच जागी सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहावे. रचून ठेवलेला कचरा पहिल्या पुराबरोबर पात्रात परतलेला असतो. लावलेल्या रोपांची आळी तेवढी शिल्लक असतात, रोपे शेळ्यांच्या पोटात गेलेली असतात. तोडलेली बेशरम बुंध्यापासून पुन्हा फुटून पूर्वीपेक्षा दाट झालेली असते. मग गावकरी म्हणू लागतात की, श्रमदानात काही अर्थ नाही. वस्तुतः दोष श्रमदानाचा नसून ते एकदाच करून थांबण्याचा आहे.

श्रमदान ही आपल्या ग्रामीण जीवनाला नवी गोष्ट नाही. संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाजविकास योजनेस प्रारंभ झाला, तेव्हा रस्ते, विहिरी व शाळागृहे यांच्या बांधणीत लोकांच्या श्रमास मानाचे स्थान देण्यात आले. त्या काळापासून श्रमदान म्हटले की काहीतरी नवे बांधावयाचे, अशी समजूत रूढ झाली. रस्ता एकदा बांधला म्हणजे तो काही वर्षे टिकतो. नदीचे काम त्या जातीचे नाही, ते पिकातील निंदणीच्या जातीचे आहे. एकदा निंदले म्हणून तण उगवावयाचे थांबत नाही, आणि पुन्हा उगवते म्हणून कोणी शहाणा शेतकरी निंदणी सोडून देत नाही. नदीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

काठ म्हणजे नदीचा बांध

शेताला जसा बांध, तसा नदीला काठ. काठावरील करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर व वाळुंज यांची मुळे दरड धरून ठेवतात. त्यांच्या खालची निर्गुडी, लव्हाळा व वाळा पुराच्या पाण्याचा वेग मोडतात आणि शेतातून वाहून येणारी माती अडवितात. या हिरव्या पट्ट्यात पाखरे राहतात, मधमाश्या राहतात, उन्हाळ्यात गुरांना सावली मिळते. ज्या गावाला नदीकाठी राई आहे, त्या गावाला बसावयास, पोरांना खेळावयास व सणासुदीस जमावयास एक मोकळी जागा आहे. ती कोणा एकाच्या मालकीची नसल्यामुळेच साऱ्यांची आहे, आणि साऱ्यांची असल्यामुळेच तिची काळजी वाहणारा कोणी नाही, ही तिची अडचण आहे.

या काठाला सर्वांत मोठा धोका बाहेरून येतो असे नाही. दोन तासे अधिक मिळावीत म्हणून अगदी दरडीपर्यंत नांगर नेणारा शेतकरी स्वतःच्याच जमिनीचा आधार काढून घेत असतो. एखाद्या मोठ्या पुरात दरड ढासळते, तेव्हा त्या दोन तासांबरोबर मागची जमीनही जाते. फवारणीचा पंप नदीत धुणे, औषधाच्या रिकाम्या बाटल्या काठावर टाकणे, उकिरडा ओढ्याच्या तोंडाशी घालणे, या गोष्टीही गावातच घडतात. शेतातून वाहून गेलेल्या खताचा अंश आणि गावाचे सांडपाणी यांवरच पात्रातील जलपर्णी पोसली जाते. म्हणून नदीच्या राखणीचा पहिला दिवस प्रत्येकाने आपल्या बांधावरच साजरा करावयास हवा.

येथेच आणखी एका गोष्टीचा इशारा देणे अवश्य आहे. स्वच्छतेच्या भरात काठावरील सर्वच झाडोरा उपटून टाकणे, किंवा यंत्र लावून पात्राचा तळ सरसकट सपाट करणे, ही नदीची सेवा नव्हे. डोह बुजले म्हणजे उन्हाळ्यात माशांना आसरा राहत नाही, आणि काठ उघडा पडला म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तीच माती पात्रात येते. बेशरम काढावी, वाळा राखावा. प्लॅस्टिक उचलावे, पडलेली पाने राहू द्यावीत. हा विवेक हातात कुदळ घेण्यापूर्वी शिकावा लागतो.

खानदेशातील फडांचा धडा

नियमाने पाण्याची राखण करण्याची विद्या महाराष्ट्राला अपरिचित नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, कान, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर फड पद्धती शतकानुशतके चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड, अशी तिची रचना. एका फडात त्या हंगामी एकच पीक घ्यावयाचे, म्हणजे पाणी सर्वांना सारखे मिळे. पाणी देण्यास पाटकरी, पिकाच्या राखणीस जागल्या, देखरेखीस हवालदार, आणि तंटा मिटविण्यास पंच, अशी कामे वाटलेली असत. पाटातील गाळ काढणे व बंधाऱ्याची डागडुजी करणे हा ज्याला पाणी मिळे त्याचा ठरलेला वाटा होता. त्या कामाला कोणी उपकार मानीत नसे.

या पद्धतीचे मर्म बंधाऱ्याच्या दगडांत नसून तिच्या वाटणीत आहे. काम कोणाचे, ते केव्हा करावयाचे, आणि न केल्यास जाब कोणी विचारावयाचा, हे तिन्ही प्रश्न आधीच सुटलेले होते. आजच्या श्रमदानात उत्साह भरपूर असतो, परंतु या तीन प्रश्नांची उत्तरे नसतात.

पंजाबातील एक उदाहरण

आपल्या नामदेवमहाराजांच्या वाणीला जेथे गुरू ग्रंथसाहेबात स्थान मिळाले, त्या पंजाबात अलीकडच्या काळातील एक बोधप्रद उदाहरण आहे. गुरू नानकांच्या स्मृतीने पावन झालेली काली बेईं ही सुमारे १६० किलोमीटर लांबीची नदी काठच्या गावांच्या व शहरांच्या सांडपाण्याने आणि जलपर्णीने भरून गेली होती. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी तेथे कारसेवा सुरू केली. गावोगावचे लोक पात्रात उतरले, त्यांनी हातांनी जलपर्णी ओढून काढली, काठावर वाटा व घाट बांधले आणि झाडे लावली. हे काम एका दिवसात किंवा एका वर्षात संपले नाही, वर्षानुवर्षे चालू राहिले.

परंतु सेवेकऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले की, वरून घाण येत राहिली तर खाली कितीही उपसले तरी व्यर्थ आहे. म्हणून गावाचे सांडपाणी नदीत न सोडता ते निवळवून तळ्यात साठवावे आणि शेतीला द्यावे, अशी योजना सीचेवाल गावी राबविण्यात आली, आणि पुढे इतर गावांनीही ती उचलली. जे पाणी नदीचे विष होते, ते शेताचे ओलित झाले. असे पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीपाल्यास देऊ नये, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. नंतरच्या काळातही त्या नदीत दूषित पाणी शिरून मासे मेल्याच्या घटना घडल्या. यावरून निराश होण्याचे कारण नाही. राखण थांबली की नदी पुन्हा बिघडते, एवढाच त्याचा अर्थ.

श्रम कोणी द्यावयाचे?

एक प्रश्न टाळून चालणार नाही. नदी बिघडविणारा वरच्या अंगाचा कारखाना किंवा शहर, आणि ती साफ करणारा मात्र खालचा गरीब गावकरी, हा कोणता न्याय? शिवाय गावातही ज्याच्या मोटारी नदीवर बसलेल्या आहेत त्याने सावलीत उभे राहावयाचे, आणि भूमिहीन मजुराने रोज बुडवून गाळ उपसावयाचा, असे घडत असेल तर त्यास दान म्हणता येणार नाही, ती वेठ होय.

या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. ज्याला नदीपासून लाभ अधिक, त्याचा वाटा अधिक, हा फडांचाच नियम येथेही लावावा. बागाईतदाराने माणसे, ट्रॅक्टर, रोपे किंवा रोपांना पाणी द्यावे. गाळ उपसणे, दगडी बांधकाम यांसारखी जड कामे मजुरी देऊनच करावीत. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, त्या राज्यात सार्वजनिक कामासाठी गरिबाचे श्रम फुकट घेणे शोभत नाही. कारखान्याच्या दूषित पाण्याबाबत ग्रामसभेने ठराव करून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी. तथापि जे गाव स्वतःचा उकिरडा नदीत लोटते, त्याच्या तक्रारीला धार येत नाही. आपला काठ राखणाऱ्या गावालाच दुसऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो.

कामाची पाळी

१०० उंबऱ्यांचे गाव धरले आणि प्रत्येक घराने वर्षाकाठी ४ दिवस दिले, तर ४०० माणसांचे एक दिवसाचे काम होते. ते एकाच दिवशी केले तर गर्दी होईल. वर्षभर वाटले तर दर आठवड्यास ७-८ माणसे काठावर असतील. नदीला हीच दुसरी रीत मानवते.

कामेही ऋतुमानाप्रमाणे वाटून घ्यावीत. फाल्गुन-चैत्रात पाणी आटले म्हणजे बेशरम मुळासकट उपटून पात्रापासून दूर वाळवावी, कारण तिचा ओल्या जमिनीत पडलेला तुकडादेखील पुन्हा रुजतो. वैशाखात खड्डे घ्यावेत. पाऊस स्थिरावल्यावर आषाढात स्थानिक जातींची रोपे लावावीत, आणि त्यांना लगेच काटेरी कुंपण करावे. जितकी रोपे दोन उन्हाळे जगविता येतील, तितकीच लावावीत. भाद्रपदात विसर्जनाच्या वेळी निर्माल्य वेगळे गोळा करून त्याचे खत करावे. पाऊस ओसरल्यावर, ओढ्याला वाहते पाणी असतानाच, मातीच्या पोत्यांचा वनराई बंधारा घालावा, म्हणजे रब्बीस ओल मिळते. पुढील पावसाळ्यापूर्वी ती पोती मात्र आठवणीने काढून घ्यावीत, नाहीतर त्यांच्याच चिंध्या नदीत पसरतात.

नदीचे पात्र ही शासनाची मालमत्ता असल्याने खोदकाम, बांधकाम किंवा वाळूस हात लावण्यापूर्वी रीतसर परवानगी घ्यावी. कचरा उचलणे, रोपे जगविणे आणि नोंद ठेवणे यांसाठी ग्रामसभेचा ठराव आणि गावाची एकी पुरेशी आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे खरे कौशल्य या पाळीची घडी बसविण्यात आहे. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून 'चला जाणूया नदीला' या अभियानास प्रारंभ झाला. असे अभियान दिशा दाखविते. त्या दिशेने रोज चालणे गावाचे काम आहे. कार्यकर्त्याने किती माणसे जमली याची नोंद करण्यापेक्षा किती रोपांनी दुसरा उन्हाळा पाहिला याची नोंद करावी. घरांची यादी, कामाचे दिवस आणि जबाबदार माणसाचे नाव चावडीवरील फळ्यावर लिहिलेले असावे. त्याची बदली झाल्यावरही पाळी चालू राहिली, तर त्याचे काम सफळ झाले असे खुशाल समजावे.

आज काठावर लावलेल्या जांभळाची फळे लावणाऱ्याच्या नातवंडांच्या हाती पडतील. आजचे शेतकरी ज्या उंबराखाली न्याहारी सोडतात, तोही कोणी तरी राखलेलाच आहे. येत्या ग्रामसभेत ज्या गावी घरांची यादी फळ्यावर लागेल आणि पहिल्या आठवड्याची ७ नावे पुकारली जातील, त्या गावची नदी राखणीखाली आली असे म्हणता येईल.