बसणें आणि बसविणें

गेल्या महिन्यांत एके दिवशीं दिवेलागणीनंतर पुतण्याची मुलगी इंग्रजीची वही घेऊन मजजवळ बसली आणि म्हणाली, “आजोबा, कोंबडी अंडें ‘लाय’ करते कीं ‘ले’ करते?” आमच्यासारख्यांच्या माजघरांत हा प्रश्न निघावा याची वाचकभगिनींना गंमत वाटेल. मला मात्र एक जुना वर्ग आठवला.

अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यांत मी आठवीस इंग्रजी शिकवीत असें. एका विद्यार्थ्यानें निबंधांत ‘द हेन लाइज एग्ज’ असें लिहिलें. मीं तें वर्गांत मोठ्यानें वाचलें व म्हटलें, “पाहा, याची कोंबडी खोटें बोलते!” सारा वर्ग हंसला. त्या मुलानें पुढें इंग्रजीच्या तासाला कधीं हात वर केला नाहीं. चूक त्याची खरी. पण ती कां होते हें मीं त्याला सांगितलें नव्हतें. मी तर जोड्या फळ्यावर लिहून नुसत्या घोकवून घेत असें.

खेदाची गोष्ट ही कीं उत्तर माझ्या संस्कृतांतच होतें. पतति म्हणजे पडतो, पातयति म्हणजे पाडतो. सीदति म्हणजे बसतो, सादयति म्हणजे बसवितो. धातूस णिच् लागला कीं कर्ता ती क्रिया दुसऱ्याकडून घडवितो. मराठींत यांनाच प्रयोजक क्रियापदें म्हणतात: पडणें-पाडणें, मरणें-मारणें, पिणें-पाजणें. आमच्या जिल्ह्यावर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. वडिलांचें शिक्षण उर्दूंतून झालेलें. त्यांच्या ‘बैठना-बिठाना’मध्यें तरी निराळें काय होतें?

इंग्रजींतहि हेंच आहे. ‘सिट’ म्हणजे बसणें, ‘सेट’ म्हणजे बसविणें. दोन्ही आपल्या सद् धातूचे दूरचे भाऊबंद. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असें सांगितलें, त्याच कुळांतली इंग्रजी. ‘राइज’ म्हणजे उठणें, ‘रेज’ म्हणजे उठविणें. ‘फॉल’ म्हणजे पडणें. झाड पाडणें तें ‘फेल’. ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रेंच’ हीहि मूळची पिण्या-पाजण्याचीच जोडी. ‘ड्रेंच’ म्हणजे आज चिंब भिजविणें. तरी गुरांना औषध पाजण्यास तो शब्द अजून चालतो. आपण धातूस ‘व’ लावून आजहि नवें प्रयोजक करूं शकतों. इंग्रजींतला तो प्रत्यय केव्हांच झिजला. मागें उरला तो केवळ स्वराचा फरक, आणि तोहि मोजक्या जोड्यांत. म्हणून त्या जोड्या मुलांना अकारण वाटतात.

‘लाय’ म्हणजे पडून असणें, ‘ले’ म्हणजे ठेवणें, निजविणें. पुस्तक टेबलावर ‘लाइज’. आपण तें तेथें ‘ले’ करतों. कोंबडीहि अंडें ‘ले’ करते. खोटें बोलण्याचा ‘लाय’ निराळा, त्याचा येथें संबंध नाहीं. एक खोडी मात्र आहे. ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’च होतो, ‘ले’चा होतो ‘लेड’. येथें खुद्द इंग्रजहि घसरतात, मग आठवीच्या मुलाची काय कथा!

नातीनें हें सारें वहींत उतरवून घेतलें. मग तिनें विचारलें, “त्या मुलाला हें सांगितलें का?”

तो आतां पन्नाशीकडे आला असेल. मोंढ्यांत त्याचें दुकान आहे. मी तेथून पुष्कळदा जातों. तो उठून नमस्कार करतो, मला खुर्चीवर बसवितो, चहा पाजतो. त्या तासाचा विषय मीं अद्याप काढलेला नाहीं.