मान खाली, मान शाबूत

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेण्यासाठी एक खाजगी संस्था आली होती. मराठीचे अध्यापक म्हणून आम्ही दोघेही त्या मंडळात बसलो होतो. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक छापील तक्ता होता. त्यात विषयाचे ज्ञान, भाषा, नीटनेटकेपणा अशा रकान्यांच्या शेवटी एक रकाना होता 'आत्मविश्वास', गुण पाच. गंगाखेड तालुक्यातील एका खेड्यातून रोज एस. टी.ने येणारी एक विद्यार्थिनी आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली, आणि संपूर्ण मुलाखतभर तिची दृष्टी टेबलाच्या पायाशी खिळलेली राहिली.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारले, "तुमच्या भागात प्रसिद्ध काय?" ती म्हणाली, "संत जनाबाई." तज्ज्ञ हसून म्हणाले, "जनाबाई तर पंढरपूरच्या ना?" क्षणभर थांबून, मान तशीच खाली ठेवून तिने उत्तर दिले, "नाही सर. राबल्या पंढरपुरात. जन्म गंगाखेडचा."

आत्मविश्वासाच्या रकान्यात तिला पाचापैकी एक गुण मिळाला. तक्त्याखाली आम्हा दोघांच्याही सह्या आहेत. तिची निवड झाली नाही.

त्यानंतर अनेक दिवस ते 'नाही' आमच्या कानांत राहिले. ज्या माणसाच्या हाती आपली नोकरी आहे त्याची चूक त्याच्या तोंडावर दुरुस्त करणे, याला आत्मविश्वास म्हणायचे नाही तर कशाला? परंतु आम्ही तिचे शब्द ऐकत नव्हतो, तिचे डोळे शोधत होतो. स्वाभिमान चेहऱ्यावर दिसतो असे आपण सहज म्हणून जातो. आमचे म्हणणे असे, की चेहऱ्यावर जे दिसते त्याचा निम्मा भाग पाहणाऱ्याच्या नजरेतून आलेला असतो, आणि त्या निम्म्या भागाची तपासणी कोणताही तक्ता करीत नाही.

आपल्या भाषेकडेच पाहा. मराठीत 'ती मान' आणि 'तो मान' हे दोन शब्द. त्यांचे कूळ वेगळे, लिंग वेगळे, पण बोलताना ते एकमेकांच्या अंगावर रेलून उभे असतात. मान राखणे आणि मान ताठ ठेवणे यांत अंतर फारसे उरत नाही. नाक कापले जाते, तोंड दाखवायला जागा उरत नाही, चेहरा पडतो: प्रतिष्ठेचा सगळा जमाखर्च मराठी माणसाने गळ्याच्या वरच मांडला आहे. मात्र याच भाषेत 'तोंड वर करून बोलतोस?' ही दटावणी आहे आणि 'खाली मान घालून वागणारी' ही लेकीची प्रशंसा आहे. म्हणजे वर उचललेला चेहरा एकाला शोभतो आणि दुसऱ्याला महागात पडतो. ताठ मानेने बोलणारा वाडेकरी असेल तर तो 'बाणेदार' आणि त्याच मानेने मजुरी मागणारा सालगडी असेल तर त्याला 'माज आला'. चेहरा तोच, पण शब्द मात्र पाहणाऱ्याच्या पायरीवरून ठरतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले, त्यांत गर्व आहे, दैन्य आहे, व्रीडा म्हणजे लज्जा आहे. व्रीडेचा अभिनय सांगताना खाली घातलेले मुख, जमीन कोरणे, वस्त्राशी आणि अंगठीशी चाळा करणे असा तपशील येतो. आमच्या विद्यार्थिनीची ओढणीच्या टोकाशी चाललेली बोटे त्यात नेमकी बसतील. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की गर्व काय आणि व्रीडा काय, हे सारे येणारे-जाणारे भाव आहेत. स्वाभिमान ही क्षणभर येऊन जाणारी वस्तू नव्हे. तो माणसाच्या आत दीर्घकाळ वस्ती करून असतो, आणि म्हणूनच एखाद्या क्षणाच्या मुद्रेवरून त्याचा हिशेब मांडणे धोक्याचे ठरते.

आधुनिक मानसशास्त्राचा एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. २००४ च्या अथेन्स येथील ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक स्पर्धांतील ज्युदोपटूंच्या छायाचित्रांचे विश्लेषण जेसिका ट्रेसी आणि डेव्हिड मात्सुमोटो यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. जन्मापासून अंध असलेले खेळाडूही जिंकल्यावर डोके मागे घेतात, छाती फुलवतात, हात उंचावतात. हरल्यावर त्यांचे खांदे पडतात. ही मुद्रा त्यांनी कोणाची पाहून उचललेली असणे शक्य नाही. अर्थात अभिमानाच्या मुद्रेला काही एक उपजत पाया आहे. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले, की पराभवानंतरची लाजेची मुद्रा पाश्चात्त्य देशांतील डोळस खेळाडूंमध्ये क्षीण होती. लाज चेहऱ्यावर येऊ न देणे हे ते आपल्या समाजाकडून शिकले असावेत, असा अर्थ लावला गेला. एक समाज आपल्या मुलांना लाज झाकायला शिकवू शकतो, तर दुसरा समाज आपल्या मुलांना अभिमान झाकायला शिकवीत असेल, हे मानायला आम्हाला अडचण वाटत नाही.

आपला समाज तर हे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या देत आला. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सत्ता दूर हैदराबादेत असली तरी गावात रोजची गाठ पाटील, देशमुख आणि सावकार यांच्याशीच पडे. महार समाजातील माणसाने 'जोहार' घालायचा तो वाकून. त्या अभिवादनात शब्दापेक्षा पाठीचा बाक महत्त्वाचा होता. पुढे आंबेडकरी चळवळीने 'जोहार' टाकून 'जय भीम' आणले, तेव्हा केवळ शब्द बदलला नाही, पाठीचा कणा सरळ झाला. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लुगडे नेसण्याची रीत आणि जातीची खूण ठरणारे दागिने बदलण्याचा आग्रह धरला होता. माणसाचे बाह्य रूप ही त्याच्यावर लादलेली लिपी असते, आणि ती पुसून दुसरी लिहिता येते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

त्याच्याही कितीतरी शतके आधी गंगाखेडच्या जनाबाईने हे आपल्या परीने केले. ती स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते. या एका शब्दावरून कोणी तिच्या आत्मविश्वासाला गुण द्यायचे ठरवले, तर पाचापैकी एकच पडेल. पण हीच दासी विठ्ठलाला दळण-कांडणाला बसवते, त्याच्यावर रागावते, आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर येऊ देऊन भरल्या बाजारातून जाण्याची भाषा बोलते. दासीपण आणि स्वाभिमान एकाच चेहऱ्यावर नांदू शकतात, याचा याहून मोठा पुरावा आमच्या जिल्ह्याला कोठून आणायचा? तो पुरावा आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो, आणि मुलाखतीच्या खोलीत विसरतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जग जर डोळ्यांत डोळे घालून बोलणाऱ्यालाच निवडणार असेल, तर मुलांना तसे बोलायला शिकवू नये काय? शिकवावे, अवश्य शिकवावे. पुण्यामुंबईच्या कार्यालयांत वावरायचे तर तेथील रीत यायला हवी. पण प्रमाणभाषा शिकवताना जी चूक आपण मराठीच्या अध्यापकांनी वर्षानुवर्षे केली, तीच येथे करू नये. बोली ही अशुद्ध भाषा आहे असे सांगून आपण मुलांना मुके केले. आता खाली पाहणे हा व्यक्तिमत्त्वातील दोष आहे असे सांगून त्यांचे चेहरेही काढून घेणार काय? वर पाहणे ही आणखी एक भाषा म्हणून शिकवता येईल. घरची भाषा टाकून देण्याची अट त्यासाठी घालण्याचे कारण नाही.

आणि शिकण्याची गरज एकट्या मुलांनाच नाही. निवाडा करणाऱ्यांनीही चेहऱ्याच्या पलीकडे ऐकायला शिकले पाहिजे: उत्तर कोठे ठाम झाले, 'माहीत नाही' हे किती स्वच्छपणे आले, आणि 'नाही' म्हणण्याची वेळ आली तेव्हा ते म्हटले गेले की गिळले गेले.

निकालानंतर आम्ही त्या मुलीला विचारले होते, "अगं, वर बघून का नाही बोललीस?" ती संकोचून म्हणाली, "मॅडम, मोठ्या माणसांकडं टक लावून बघणं बरं दिसतं का?" हे बोलतानाही तिची नजर जमिनीवरच होती. तिच्या लेखी ती आमचा मान राखत होती. आमच्या तक्त्यात त्या वागण्याला रकाना नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखती होतील, पुन्हा तक्ते येतील. सही करण्यापूर्वी या वेळी हातातील लेखणी थोडी थांबली, तरी त्या 'नाही'चे ऋण काही अंशी फिटेल.