युद्धजन्य दीर्घकालीन व्याधींनी पीडित माजी सैनिकांच्या वैद्यकीय उपचारांबाबत निवेदन

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
मार्फत : मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा सैनिक मंडळ, वर्धा

महोदय,

आम्ही, खाली सह्या व अंगठे करणारे वर्धा जिल्ह्यातील माजी सैनिक आणि दिवंगत सैनिकांच्या पत्नी, आपल्या सेवेशी सविनय निवेदन करतो की, १९७१ च्या युद्धातून, १९८७ ते १९९० या वर्षांतील श्रीलंकेच्या मोहिमेतून, एप्रिल १९८४ पासून अखंड पहारा चाललेल्या सियाचीन हिमनदीवरून आणि १९९९ साली कारगिलच्या शिखरांवरून जे जिवंत परतले ते सर्व धडधाकट परतले, असा जो समज शासनव्यवहारात रूढ झाला आहे, तो यथार्थ नाही. गोळी लागलेल्या जवानाची जखम त्याच दिवशी कागदावर चढते. परंतु हिमदंशाने मज्जातंतू दुर्बळ झालेले पाय, तोफेच्या धमाक्याने हळूहळू बधिर होत गेलेले कान, अंगात राहून गेलेले लोखंडाचे तुकडे, विरळ हवेत महिनोन्महिने काढल्यावर जडलेले हृदयाचे विकार आणि रात्री दचकून उठवणारी मनाची अस्वस्थता, ही सर्व दुखणी घरी परतल्यावर, कित्येकदा पेन्शनचा कागद हाती पडून बरीच वर्षे लोटल्यावर डोके वर काढतात, आणि तोवर त्यांचा युद्धाशी असलेला संबंध सिद्ध करण्याचे ओझे त्या आजारी इसमाच्याच माथी आलेले असते.

हे ओझे त्याच्यावर टाकू नये, असे खुद्द शासनाचेच नियम सांगत होते, ही गोष्ट आम्ही विशेषत्वाने नजरेस आणू इच्छितो. १९८२ च्या पात्रता नियमांत अशी स्पष्ट तरतूद होती की, हक्कदाराला आपला हक्क सिद्ध करावयास सांगू नये, वाजवी शंकेचा लाभ त्याला मिळावा, आणि तो रणक्षेत्रातील सेवेच्या बाबतीत अधिक उदारपणे द्यावा. सेवा संपल्यानंतर उद्भवलेला रोग हा सेवाकाळात सुरू झालेल्या विकृतीचा उशिरा झालेला आविष्कार असू शकतो, हेही या नियमांना मान्य होते. पुढे २०१३ साली धर्मवीर सिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, भरतीच्या वेळी ज्याच्या कागदांत कोणत्याही व्याधीची नोंद नाही तो त्या वेळी निरोगी होता असेच गृहीत धरावे, आणि पुढे जडलेला रोग सेवेमुळे नव्हे असे म्हणावयाचे असल्यास ते कारणांसह दाखविण्याची जबाबदारी शासनाची राहील. इतका स्वच्छ निर्णय असताना आमच्यापैकी कित्येकांच्या अर्जांवर आजही 'सेवेशी संबंध नाही' एवढाच शेरा येतो. कारण दिले जात नाही, आणि दिलेच तर ते 'प्रकृतिधर्म' या एका शब्दात आटोपते. काहींना कळविण्यात आले की, त्यांचे जुने वैद्यकीय कागद मुदत संपल्यामुळे नष्ट करण्यात आले आहेत. ज्या दप्तरावर सैनिकाचा ताबा कधीच नव्हता, ते शासनाने आपल्या हाताने नाहीसे करावे आणि नंतर त्याच दप्तरातील पुरावा त्याच्याकडे मागावा, यासारखा अन्याय दुसरा नाही.

न्याय मिळतच नाही असे आम्ही म्हणत नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने अनेकांना न्याय दिला आहे. परंतु त्या निकालांविरुद्ध शासनच वरच्या न्यायालयात अपिले करीत राहिले. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांतील असा अनाठायी वाद थांबविण्याची शिफारस केली होती. १९७१ च्या युद्धातील सर्वांत तरुण सैनिकही आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्या बाबतीत अपिलाचा कालावधी आणि उरलेले आयुष्य यांत फारसे अंतर नाही, हे या प्रकरणांची टिपणे लिहिणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

आता उपचारांविषयी. १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेली माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, जिला आम्ही सर्व ईसीएचएस म्हणतो, ही शासनाची मोठी व हितावह देणगी आहे, आणि तिच्याविषयीची आमची कृतज्ञता केवळ औपचारिक नाही. तथापि ती फुकटची योजना नव्हे. आमच्यापैकी पुष्कळांनी तिच्यासाठी आपल्या निवृत्तीच्या रकमेतून अंशदान भरले आहे. ह्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने शेतकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन गावेच्या गावे उपचाराच्या छत्राखाली आणली. ज्याने आपला वाटा दिला त्याला दवाखान्यात हक्काने जाता यावे, ही रीत येथील माणसांच्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणून आमचा सैनिक जेव्हा ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकच्या खिडकीपाशी उभा राहून मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या नित्याच्या गोळ्यांपैकी निम्म्या 'उपलब्ध नाहीत' असे ऐकतो, त्या बाजारातून विकत घेतो आणि त्यांच्या परताव्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पावत्या, पुन्हा तगादा असे चक्र चालू ठेवतो, तेव्हा त्याला पैशापेक्षा मानाची हानी अधिक बोचते. औषधांचा हा तुटवडा भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात नमूद केलेला आहे. तेव्हा ही केवळ आमची कैफियत नव्हे.

आष्टी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांतील वृद्धाला दर महिन्याच्या औषधासाठी एसटीने दिवस खर्ची घालावा लागतो, तेही वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या जिल्ह्यात. विशेषज्ञाकडे जावयाचे तर आधी रेफरल, आणि मेडिकल बोर्डासाठी कामठी अथवा थेट पुणे. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जिल्ह्याच्या ठिकाणापासून हाकेच्या अंतरावर असताना हा प्रवास का घडावा, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस कोणी दिलेले नाही. २०२१ पासून 'सेहत' या नावाने दूरध्वनी व संगणकावरून वैद्यकीय सल्ल्याची सोय झाली, ती स्तुत्य आहे. पण ज्याचे कान तोफखान्यात गेले त्याने डॉक्टरांचे बोलणे यंत्रातून ऐकावे कसे, याचाही विचार व्हावा.

मनाच्या दुखण्याविषयी आमच्या घरच्या बायका अधिक सांगू शकतील, परंतु त्या सांगत नाहीत. गावात अशा माणसाला डोके फिरलेला म्हणतात, आणि तो दारूच्या आहारी गेला असेल तर विषय तेथेच संपतो. पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे जी आग लागली, तिच्यात दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अग्निशमन दलाचे जवान मृत्युमुखी पडले, त्या रात्रीचे धमाके आसपासच्या गावांनी ऐकले आहेत. तसे धमाके ज्यांनी रात्रीमागून रात्री सोसले, त्यांची झोप का उडते हे या जिल्ह्याला निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. तरीही आमच्या माहितीप्रमाणे त्यांच्याशी या विषयावर नियमितपणे बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी येत नाही.

सबब आमची प्रार्थना अशी की, रणक्षेत्रात वा अतिउंच प्रदेशात सेवा केलेल्या सैनिकाच्या दीर्घकालीन व्याधीचा अर्ज नामंजूर करताना सकारण वैद्यकीय मत देणे बंधनकारक करावे, आणि ज्याचे कागद शासनाकडून नष्ट झाले असतील त्याच्या बाबतीत डिस्चार्ज बुकातील सेवेची नोंद हाच पुरेसा आधार मानावा. २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नव्या पात्रता नियमांचा आधार घेऊन जुनी प्रकरणे नाकारू नयेत. ज्यांच्या बाजूने न्यायाधिकरणाचा निकाल लागला आहे त्यांच्याविरुद्ध अपिले दाखल करणे थांबवावे. वाढत्या व्याधीच्या फेरतपासणीसाठी मेडिकल बोर्डाने वर्षातून निदान दोनदा वर्ध्यास यावे आणि सेवाग्राम व सावंगी येथील विशेषज्ञांचे लेखी मत बोर्डाने ग्राह्य धरावे. आर्वी व हिंगणघाट येथील उपजिल्हा रुग्णालयांतून नित्याची औषधे एकाच वेळी दोन महिन्यांची मिळतील, तसेच तेथे महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ बसतील, अशी तजवीज केंद्र व राज्य शासनांनी परस्परांत करावी. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींचा प्रस्ताव मा. जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या शिफारशीसह तत्काळ रवाना करावा, ही त्यांना स्वतंत्र विनंती आहे.

या निवेदनावर काय निर्णय झाला, तो होकाराचा असो वा नकाराचा, लेखी कळवावा आणि त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फलकावर लावावी. आमच्यापैकी पुष्कळांना पुन्हा विचारावयास येणे प्रकृतीमुळे शक्य होणार नाही.

आपले विश्वासू,
वर्धा जिल्ह्यातील माजी सैनिक व दिवंगत सैनिकांच्या पत्नी