हिरव्या डब्यावरचे दोन दावे



गेल्या आषाढात साठी उलटलेल्या एक निवृत्त शिक्षिका दवाखान्यात आल्या. तळपायांना मुंग्या येत होत्या, अंधारात चालताना तोल जात होता. बाई जन्माच्या शाकाहारी. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेसाठी मी सुरू केलेली इंजेक्शने त्यांनी परस्पर बंद केली होती आणि त्यांऐवजी स्पिरुलिना या शेवाळाच्या गोळ्या घेत होत्या. "डॉक्टर, यात नैसर्गिक बी-१२ आहे आणि पृथ्वीवर भारही पडत नाही, असे डब्यावरच छापले आहे," त्या म्हणाल्या.

आधी पृथ्वीचे पाहू. शेवाळाला सुपीक जमीन लागत नाही, त्याच्या अनेक जाती खाऱ्या पाण्यातही वाढतात आणि एक किलो वाळलेले शेवाळ तयार होताना सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. इतके गुण दिसल्यावर मोह होणारच. अमेरिकी सरकारने १९७८ साली शेवाळापासून इंधन काढण्याचे संशोधन हाती घेतले. खनिज तेलाच्या किमतीशी मेळ बसेना, म्हणून १९९६ मध्ये ते बंद केले. २००९ मध्ये एक्सॉनमोबिल या तेलकंपनीने ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली आणि २०२३ मध्ये तिनेही काढता पाय घेतला.

अडते कोठे? उघड्या तळ्यातल्या एका लिटर पाण्यात शेवाळ असते जेमतेम अर्धा-एक ग्रॅम. ते गाळायचे, वाळवायचे, त्यातील तेल काढायचे, म्हणजे वीज आणि उष्णता आलीच. शिवाय शेवाळालाही खत लागते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये याचा ताळेबंद मांडला. त्या देशाच्या वाहतुकीचे केवळ पाच टक्के इंधन, म्हणजे सुमारे ३,९०० कोटी लिटर, शेवाळातून मिळवायचे तर तेथील एकूण नायट्रोजनवापराच्या ४४ ते १०७ टक्के इतका नायट्रोजन लागेल. लिटरमागे गोडे पाणी किती? पद्धतीनुसार ३.१५ पासून ३,६५० लिटरपर्यंत! तेव्हा 'शेवाळापासून बनलेले' एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ते कसे वाढवले, यावर सारे अवलंबून आहे. सांडपाण्यावर वाढवले तर खत आणि गोडे पाणी दोन्ही वाचतात, हे खरे. मात्र असे शेवाळ इंधनासाठीच ठीक, ताटात नको.

औषधी उत्पादनांचे गणित निराळे आहे. तेथे माल थोडा आणि भाव चढा, म्हणून खर्च निघतो. माशांच्या शरीरातील डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल मुळात सूक्ष्म शैवालांतूनच आलेले असते. ते थेट मिळवले तर समुद्रातील मासळीवरचा भार हलका होतो. परंतु कॅप्सूलमधील हे तेल देणारे सूक्ष्मजीव बहुधा बंद टाक्यांत, अंधारात, साखरेवर पोसले जातात. डब्यावर सूर्य आणि निळे पाणी रंगवलेले असले तरी ती साखर कोणत्या तरी शेतातूनच येते. शाकाहारी गर्भवतीला डीएचए द्यायचे ठरले तर मी हेच तेल सुचवतो. मात्र ते फुकटचे आहे असे समजत नाही.

आता दुसरा दावा. स्पिरुलिनातील बी-१२ बव्हंशी बनावट असते. रेणूची रचना खऱ्यासारखीच; काही तपासण्यांनाही ते खरेच भासते, पण मानवी शरीराला त्याचा उपयोग नाही. मज्जातंतू उपाशीच राहतात आणि फार उशीर झाला तर ही हानी कायमची होते. प्रथिनांचा डौलही असाच. स्पिरुलिनात साठ टक्के प्रथिने असतात, हे सत्य. पण अर्ध्या ग्रॅमच्या सहा गोळ्यांतून मिळतात दोन ग्रॅमहूनही कमी. वाटीभर घट्ट वरण त्याच्या दुप्पट-तिप्पट देते.

आपल्या घरी असा डबा असेल आणि त्याच्या भरवशावर कोणी बी-१२ची गोळी वा इंजेक्शन थांबवले असेल, तर ते आजच पुन्हा सुरू करण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला.

बाईंची इंजेक्शने त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. जिना उतरताना मात्र अजूनही कठडा धरावा लागतो.