काळवीट पाहण्यास केव्हां जावें?

‘गुरुजी, मे महिन्याच्या सुटींत मुलांना रेहेकुरीचे काळवीट दाखवावे काय?’ असें श्रीरामपुरांतील एका स्नेह्यांनीं परवां विचारलें. त्याचें उत्तर इतर वाचकांसहि उपयोगी पडेल.

आपल्याच जिल्ह्यांतील, कर्जत तालुक्यांतलें हें अभयारण्य १९८० सालचें. क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. वन्य प्राणी पाहण्यास उन्हाळा उत्तम, ही समजूत ताडोबासारख्या दाट अरण्यांपुरती खरी आहे. तेथें झाडी विरळ होऊन ग्रीष्मांत वाघ पाणवठ्यावर दिसतो. आफ्रिकेंत, केनियांतील मसाई मारा येथें, विल्डबीस्टांचे कळप गवत शोधीत जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास येतात. तेथें तोच काळ योग्य. काळवीट मात्र उघड्या माळावर राहणारा. त्यास पाहण्याकरितां पाणी आटण्याची वाट पाहावयास नको.

एका वैशाखांत मी नातवासह तेथें गेलों होतों. पाणवठ्याकडे एक नर येत होता; आम्हांस पाहतांच तो पाणी न पितां परतला. ‘आजोबा, त्याला तहान लागली होती ना?’ या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें.

कृष्णसार, म्हणजे हाच काळवीट, जेथें स्वभावतः विचरतो ती भूमि यज्ञास योग्य, असें मनुस्मृति सांगते. अशा भूमीवर आपण पाहुण्याच्या मर्यादेनें जावें, हेंच उचित. तेव्हां मुलांना नाताळच्या सुटींत, सकाळच्या कोंवळ्या उन्हांत न्यावें. काळवीट स्वस्थपणें चरत असेल, आणि त्यास तहानलेला परतविल्याची रुखरुख आपणांसहि राहणार नाहीं.